‘स्वयंसेवा’ मोजताना : एका राष्ट्रीय पाहणीच्या शब्दांचा विचार

स्वेच्छेने आणि मोबदल्यावाचून लोक एकमेकांसाठी किती काम करतात, सार्वजनिक व्यवहारात किती भाग घेतात, याची देशव्यापी पाहणी करावयाची झाली तर तिच्या आराखड्यातील पहिली अडचण नमुनानिवडीची नसते, ती भाषेची असते. नमुना कसा काढावा हे आपल्याकडे पाऊण शतकापासून ज्ञात आहे. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी निघाली आणि महालनोबिस, सुखात्मे यांच्यासारख्यांच्या वादविवादांतून या शास्त्राची घडण येथेच झाली. परंतु प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा हा विषय मात्र अजूनही शेवटच्या टप्प्यावरचा मानला जातो. प्रश्नावली इंग्रजीत सिद्ध होते, मग ती भाषांतरकाराच्या हाती पडते, आणि मराठी, कन्नड किंवा तमिळ उत्तरदात्याने त्या भाषांतराला उत्तर द्यावे अशी अपेक्षा केली जाते. हा क्रम उलटा करावा, निदान या एका विषयापुरता तरी, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे कारणही तेच आहे. ज्या शब्दांवर ही पाहणी उभी राहावयाची, त्यांचा इतिहास संख्याशास्त्रज्ञाच्या कोष्टकांत नाही. तो कोशांत, शिलालेखांत आणि आत्मकथनांत आहे.

प्रथम व्याख्येकडे वळू. २०१३ साली जिनीव्हा येथे भरलेल्या श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या एकोणिसाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वयंसेवी कामाची जी व्याख्या केली, ती आज बहुतेक देशांत प्रमाण मानली जाते. तीत तीन कसोट्या आहेत : काम विनावेतन असावे, सक्तीचे नसावे आणि ते इतरांसाठी केलेले असावे. ‘इतर’ म्हणजे स्वतःच्या घरातील माणसे आणि कुटुंबातील आप्त सोडून बाकीचे. संदर्भकाळ चार आठवड्यांचा, आणि त्यात निदान एक तास काम केलेले असले तरी माणूस स्वयंसेवक ठरतो. व्याख्या नेटकी आहे. तथापि तिच्यातील ‘विनावेतन’, ‘सक्ती’ आणि ‘इतर’ हे तिन्ही शब्द आपल्या भाषांत आणताना वेगवेगळ्या प्रकारे निसटतात, हे पुढे दिसेल.

भारतात या कामाची देशव्यापी मोजणी झालीच नाही असे नाही. जानेवारी ते डिसेंबर २०१९ या काळात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने पहिली अखिल भारतीय वेळ-विनियोग पाहणी केली. १,३८,७९९ कुटुंबे आणि सहा वर्षांवरील ४,४७,२५० व्यक्ती तिच्यात आल्या. आदल्या दिवशी पहाटे चारपासून चोवीस तासांत काय काय केले, हे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी नोंदवून घेतले गेले. त्या पाहणीत विनावेतन स्वयंसेवा, विनावेतन प्रशिक्षणार्थी म्हणून केलेले काम आणि तत्सम इतर काम या एकत्रित वर्गात एका दिवसात भाग घेणारे निघाले शेकडा २.४. त्याच पाहणीत गप्पागोष्टी, भेटीगाठी, सामुदायिक सहभाग आणि धर्माचरण या वर्गात भाग घेणारे शेकडा ९१.३ होते. या दोन आकड्यांची तुलना सरळसोट करता येणार नाही, कारण दुसऱ्या वर्गाचा मोठा भाग नुसत्या बोलण्याचालण्याचा असणार. परंतु आषाढात वारकऱ्यांच्या पंगतीला वाढणारी बाई यांपैकी कोणत्या वर्गात पडेल? तिच्या तोंडचा शब्द ‘सेवा’ हा आहे, आणि तो ऐकणारा अन्वेषक ती नोंद धर्माचरणाच्या सदरात टाकील असेच संभवते. तिने चारशे माणसांच्या भाकऱ्या थापल्या, ही गोष्ट त्या सदरात कोठेच दिसणार नाही. म्हणजे २.४ हा आकडा लोकांच्या वृत्तीबद्दल जितके सांगतो, तितकेच तो नोंदीच्या शब्दांबद्दलही सांगतो.

‘स्वयंसेवक’ हाच शब्द घ्या. तो संस्कृत घडणीचा असला तरी व्यवहारात विसाव्या शतकातला आहे, आणि त्याच्या अंगावर गणवेश आहे. हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दलाची उभारणी केली. पुढल्याच वर्षी बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या काळात स्वयंसेवक म्हणजे शिस्तीत उभा राहणारा, आज्ञा मानणारा तरुण, ही प्रतिमा मराठी-कन्नड सीमेच्या दोन्ही बाजूंना रूढ झाली. १९२५ साली नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि १९४१ साली राष्ट्र सेवा दल स्थापन झाले. विचाराने दोन्ही परस्परविरोधी, पण शब्दाभोवतीचे वलय दोघांनीही घट्टच केले. आज ‘तुम्ही स्वयंसेवक आहात का?’ असे विचारले तर ऐकणाऱ्याला ‘कोणत्या संघटनेचे?’ हा न विचारलेला प्रश्नच आधी ऐकू येतो. ‘कार्यकर्ता’ या शब्दाची गत तर याहून वाईट झाली आहे. तो पक्षाच्या खात्यावर जमा होऊन गेला.

याच्या उलट्या टोकाला जिच्यापाशी नावच नाही अशी सेवा असते. कल्पनेने एक प्रसंग उभा करून पाहू. अन्वेषक विचारते, ‘‘आजी, गेल्या महिन्यात तुम्ही काही स्वयंसेवा केलीत का?’’ उत्तर येते, ‘‘मी कसली सेवा करते बाई, घरातनंच पाय निघत नाही.’’ पुढे बोलणे वाढते, चहा होतो, आणि सहज म्हणून बाई सांगतात की शेजारच्या सुनेचे बाळंतपण झाले तेव्हा दीड महिना रोज सकाळी बाळाला न्हाऊमाखू घालायला त्याच जात होत्या. गल्लीत कोणाचे मयत झाले की त्या घरी पिठले-भात यांच्याकडूनच जातो. उन्हाळ्यात चार घरांचे पापड-कुरडया त्यांच्याच गच्चीवर होतात. यांपैकी एकही गोष्ट त्यांच्या लेखी ‘काम’ नाही, मग ‘स्वयंसेवा’ कोठून असणार? प्रश्नावलीत मात्र ‘नाही’ या चौकटीवर खूण झालेली असते, आणि ती खूण कोणत्याही नमुनापद्धतीने दुरुस्त होत नाही.

‘विनावेतन’ या कसोटीचा घोटाळा वेगळ्या जातीचा आहे. मराठी शेतकऱ्यांत ‘सावड’ आहे : आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू. ‘इर्जिक’ आहे : गावातल्या दहा-वीस जणांनी आपापली जोते घेऊन एकाची नांगरट एका दिवसात उरकून द्यावयाची आणि त्याने सर्वांना जेवू घालावयाचे. कन्नडमध्ये ‘मुय्यि’ हा शब्द परतफेडीच्या मदतीचा आणि परतफेडीच्या आहेराचाही आहे, आणि ‘मुय्याळु’ म्हणजे अशा फेडीच्या बोलीवर आलेला माणूस. येथे पैसा नाही, परंतु हिशेब आहे. सावड ‘फेडावी’ लागते, हे क्रियापद कर्जाचे आहे. अशा कामाला स्वयंसेवा म्हणावे की विनिमय? माझ्या मते त्याला तिसरे सदर द्यावे, कारण त्याला कोणत्याही एका बाजूला ढकलले की खेड्यातील परस्परसाहाय्याचे चित्र एक तर फुगते किंवा अजिबात पुसले जाते.

सरकारी भाषेने या कसोटीत आणखी एक शब्द घुसवला आहे : ‘मानधन’, कन्नडमध्ये ‘गौरवधन’. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्तीला सरकारने मानद स्वयंसेविका ठरवले. ती गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवते, रुग्णांना दवाखान्यात नेते, घरोघरच्या पाहण्या करते, आणि तिला वेतन न मिळता मान आणि धन यांच्या संधीतून साधलेला हा शब्द मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये कर्नाटकातील हजारो आशा कार्यकर्त्या धरणे धरून बसल्या होत्या; मुंबईच्या आझाद मैदानाने तर असे धरणे अनेकदा पाहिले आहे. जिनीव्हाच्या व्याख्येने स्थानिक मजुरीच्या एक तृतीयांशापर्यंतचा भत्ता विनावेतन कामाशी विसंगत मानलेला नाही. म्हणजे व्याख्या आणि सरकार एका बाजूला, आणि स्वतःला कामगार म्हणवणारी ती बाई दुसऱ्या बाजूला. पाहणीने तिला काय म्हणावे? निदान तिलाच विचारावे, आणि तिचे उत्तर जसेच्या तसे नोंदवावे.

आता सक्तीचा प्रश्न. आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या उद्योगाचे मर्म तेथेच आहे. संस्कृतातील ‘विष्टि’ हा शब्द राजाने किंवा गावाने फुकट करवून घ्यावयाच्या श्रमाला लावला जात असे. मराठीत त्याचा ‘वेठ’ झाला, कन्नडमध्ये ‘बिट्टि’. मराठीने त्याची सक्ती जपली : ‘वेठीस धरणे’ हा वाक्प्रचार आजही नागरी माणसाच्या तोंडी आहे. कन्नडमध्ये ‘बिट्टि’चा अर्थ पसरत जाऊन नुसते ‘फुकट’ असाही झाला. म्हणून कोणी भाबडा भाषांतरकार ‘विनावेतन’ या कल्पनेसाठी सोपा शब्द शोधताना ‘बिट्टि’पाशी पोहोचला, तर एका पिढीला तो ‘मोफत’ वाटेल आणि दुसरीला त्यातून आजोबांच्या पाठीवरचे ओझे आठवेल. दोन्ही भाषांत एकाच मुळातून आलेले हे शब्द पाहणीच्या कर्त्याने टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

याचे कारण शब्दव्युत्पत्तीच्या हौसेपलीकडचे आहे. जिनीव्हाच्या व्याख्येत सक्तीचा अर्थ कायदेशीर, नागरी वा प्रशासकीय बंधन असा घेतला आहे. समाजाच्या, संस्कृतीच्या किंवा धर्माच्या जबाबदारीपोटी केलेले काम सक्तीचे समजलेले नाही. ही सवलत उदार आहे. तिच्यामुळे वारीतली सेवा, गुरुद्वारातला लंगर, कोकणातल्या गावकीने ‘घरटी एक माणूस’ म्हणून बोलावलेली पाणवठ्याची सफाई, हे सर्व स्वयंसेवेत धरता येते. पण भारतीय खेड्यात रूढी म्हणजे कोणाची रूढी? महार वतनातील कामे एके काळी कायद्यानेच लादलेली होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते ही गुलामी मोडण्यासाठी, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. वतन गेले तरी मेलेले ढोर ओढणे, मयताचा सांगावा पोहोचवणे, सणाला हलगी वाजवणे ही कामे ‘पूर्वापार’ म्हणून मागितली जाण्याचे थांबले नाही. आता कायद्याचे बंधन नाही, मोबदला नाही किंवा नावापुरता आहे, आणि काम तर दुसऱ्यासाठीच केलेले. व्याख्येच्या तिन्ही कसोट्यांना असे काम अक्षरशः उतरते. काटेकोर अन्वेषक त्याची नोंद स्वयंसेवा म्हणून करील, आणि ज्या गावात जातीचा जाच अधिक, ते गाव कोष्टकात अधिक सेवाभावी दिसेल.

ही भीती काल्पनिक वाटत असेल त्याने १९७८ साली प्रसिद्ध झालेले दया पवारांचे ‘बलुतं’ या दृष्टीने पुन्हा वाचावे. गावकीचे काम, त्याच्या बदल्यातले धान्य, येसकराची पाळी, हक्क आणि भीक यांतील पुसट होत गेलेली रेषा : पाहणीच्या कर्त्याला ज्या भेदांची गरज आहे ते सारे भेद या पुस्तकाच्या शब्दकळेत आधीच पाडलेले आहेत. दलित आत्मकथनांचा आपण सामाजिक दस्तऐवज म्हणून गौरव करतो, पण त्यांचा उपयोग प्रश्न घडवण्यासाठी करावा, हे कोणाला सुचलेले दिसत नाही.

‘इंग्रजीत ज्याला नागरिकांचा सहभाग म्हणतात’ त्याची कथा थोडी निराळी. मराठीत ‘नागरी सहभाग’ म्हटले की तो शहरी लोकांचा वाटतो, कारण नागर आणि ग्रामीण ही जोडी आपल्या कानात पक्की बसली आहे. यापेक्षा ‘सार्वजनिक काम’ हा शब्द जवळचा आहे, आणि त्याला इतिहासही आहे. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेत सभासद होणाऱ्याला किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे; गणेश वासुदेव जोशी यांना तर लोक ‘सार्वजनिक काका’च म्हणू लागले. याच सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात तालुक्या-तालुक्यांतून माहिती मागवून ती प्रसिद्ध केली. म्हणजे आपल्याकडे पाहणी हीच एके काळी स्वयंसेवा होती, हे विसरता कामा नये. आज ‘सार्वजनिक’ शब्दाला नळ, शौचालय आणि गणपती चिकटले आहेत, तरी तो लोकांना कळतो. ‘वर्गणी’चा प्रश्न मात्र जपून विचारावा, ती दिली की घेतली, याचे उत्तर देणाऱ्यागणिक बदलते.

बेंगळुरूमध्ये राहून या विषयाचा विचार करताना आणखी काही गोष्टी ध्यानात येतात. या शहरात जनाग्रह संस्था आणि ब्राउन विद्यापीठ यांनी नागरिकत्वाविषयी चार हजारांवर कुटुंबांची पाहणी केली होती. तिच्यातून निघालेला वर्ग आणि नागरिकत्व यांच्या संबंधावरील लेख २०१७ साली प्रसिद्ध झाला. उत्पन्न विचारण्याऐवजी घराच्या प्रकारावरून वर्ग ओळखण्याची तिची रीत अनुकरणीय आहे. पण शहराचे राजकारणच प्रश्न निकामी करते असेही घडते. येथील महापालिकेच्या निर्वाचित सभासदांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढली पाच वर्षे निवडणूक झाली नाही. त्या काळात ‘तुम्ही आपल्या नगरसेवकाला भेटलात का?’ या प्रश्नाला आलेला प्रत्येक नकार हा नागरिकाच्या उदासीनतेचा पुरावा ठरला असता. २०१० पासून येथे ‘द अग्ली इंडियन’ या नावाने पदपथ स्वच्छ करणाऱ्यांचा एक निनावी मेळ आहे. नाव न सांगणे हाच त्यांचा नेम. ‘कोणत्या संस्थेचे सभासद आहात?’ या प्रश्नाच्या जाळ्यात ते सापडावयाचे नाहीत.

आणि भाषा. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात कन्नड मातृभाषा असणारे शेकडा ६६.४६, उर्दू १०.८३, तेलुगू ५.८४, तमिळ ३.४५, मराठी ३.३८ असा पुढचा क्रम. शहाजी राजांना बेंगळुरूची जहागीर १६३८ च्या सुमारास मिळाली, आणि तेव्हापासून वेगवेगळ्या लाटांनी आलेली मराठी घरे येथे आहेत. भावसार कुटुंबांसारख्या घरांत बोलणे मराठी, लिहिणे-वाचणे कन्नड. अशा घरी कन्नड प्रश्नावली द्यावी की मराठी? पुण्याच्या मराठीतील ‘सामाजिक सहभाग’ त्यांना परका, आणि कन्नडमधला सरकारी शब्द औपचारिक. प्रत्यक्षात अन्वेषक दारात उभ्या उभ्या स्वतःचे भाषांतर करतो, आणि एका शहरात एकाच पाहणीचे पाच-सहा वेगवेगळे प्रश्न विचारले जातात. भाषांतर पुन्हा मूळ भाषेत उलटवून पडताळण्याची रूढ रीत येथे अपुरी पडते. तिने कोशातला अर्थ जुळतो, कानातला नाही.

म्हणून आराखडा असा असावा. प्रत्येक भाषेत आधी थोड्या घरी मोकळे बोलणे व्हावे, आणि त्यातून कृत्यांची यादी त्या त्या भाषेतच तयार व्हावी; मराठीची यादी कन्नडचे भाषांतर नसावी, दोन्हींचे मागाहून एका सामाईक वर्गीकरणात नामांकन व्हावे. मुख्य प्रश्नात ‘स्वयंसेवा’ हा शब्दच नको. कोणाच्या बाळंतपणाला, मयताला, लग्नाला हातभार लावला का; विहीर, देऊळ, शाळा, तळे यांच्या कामाला गेलात का; कोणाचा अर्ज लिहून दिलात, कोणाला दवाखान्यात नेलेत का, अशी कृत्ये एकेक करून विचारावीत. चार आठवड्यांचा संदर्भकाळ शहरापुरता ठीक. खेड्यात पेरणी, वारी, उत्सव आणि सुगी यांनी वर्ष विभागलेले असल्यामुळे पाहणी वर्षभर पसरवावी, जशी २०१९ ची होती. विद्यार्थ्यांसाठी वेगळी चौकट हवी : १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात, आणि त्यांतले किती मनाने भरले हे तासांच्या बेरजेत उतरत नाही.

सक्ती मात्र ‘तुम्ही हे स्वखुशीने केलेत का?’ असे विचारून कळावयाची नाही. या प्रश्नाला बहुतेक माणसे होकारच देतात. नकार देण्याची किंमत ज्याला सर्वांत जास्त मोजावी लागते, तो तर हमखास. त्याऐवजी प्रत्येक कृत्यामागे दोन प्रश्न जोडावेत. तुम्ही गेला नसता तर काय झाले असते? आणि असेच काम तुमच्या घरी निघाले तर तेच लोक तुमच्याकडे येतील का? पहिल्या प्रश्नाने दंड, अबोला, बहिष्कार यांची पायरी उघडी होते. दुसऱ्याने सावड आणि वेठ वेगळ्या पडतात : सावडीला आलेला शेजारी आपल्या मयतालाही येतो, पण ज्याच्या दारी सांगावा घेऊन पिढ्यान्‌पिढ्या पळावे लागले तो या वस्तीत खांदा द्यायला येत नाही. हे प्रश्न चावडीवर, चार माणसांच्या देखत विचारता येणार नाहीत. अन्वेषक कोणत्या वस्तीतला आहे, तो कोणाच्या ओट्यावर बसून पाणी मागतो, गावात त्याला कोण घेऊन फिरते, यांची नोंद पहिल्या पानावरच, घरक्रमांकाच्या शेजारी असावी.